स्टिल्टचा ६ मीटर उंच कॉलम: शॉर्ट धरायचा की स्लेंडर? आणि प्लिंथ बीम खरंच काढता येतात का?

स्टिल्ट_शंका

नमस्कार मंडळी. पुण्यातली स्टिल्ट (पार्किंगसाठी भिंतींविना मोकळा ठेवलेला तळमजला) + ७ मजल्यांची रहिवासी इमारत आहे, भूकंप झोन ३. तीन थरांच्या मेकॅनिकल पार्किंगमुळे स्टिल्टची उंची प्लिंथपासून पहिल्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ६.० मीटर झाली आहे. वरचे मजले ३.० मीटरचे.

ज्या कॉलमवर घोडं अडलंय त्याचा तपशील असा:

आकार ३०० × ७५० मिमी, एम३० काँक्रीट, एफई५०० सळई, २० मिमीच्या १२ सळया (दोन्ही लांब बाजूंना सहा-सहा). ३०० ची बाजू वाय दिशेला. गाड्यांच्या मार्गिकेसाठी आर्किटेक्टने जवळजवळ सगळेच कॉलम असे एकाच दिशेने पातळ ठेवले आहेत. वाय दिशेचे बीम २३० × ६००, गाळे ५ मीटरचे. एक्स दिशेचे बीम ७५० खोल. प्लिंथ बीम (जमिनीलगत कॉलम एकमेकांना जोडणारे) २३० × ४५०. फूटिंगचा (पायाचा) माथा प्लिंथच्या खाली १.५ मीटर, मुरमावर.

१.५ (डेड + लाइव्ह) ला भार २४०० किलोन्यूटन. पातळ दिशेतला मोमेंट (वाकवणारा जोर) वर ४६ आणि खाली २८ किलोन्यूटन-मीटर, डबल कर्व्हेचर (कॉलम एस आकारात वाकतो). जाड दिशेत १५०.

प्रश्न तीन:

१) आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) च्या तक्ता २८ मधून दोन्ही टोकं पक्की धरून परिणामी लांबीचा गुणक ०.६५ घेतला. मोकळी लांबी ६.० − ०.६ (बीम) = ५.४. ०.६५ × ५.४ = ३.५१ मीटर, भागिले ०.३० म्हणजे ११.७. बारापेक्षा कमी, म्हणून शॉर्ट (लांबीमुळे अतिरिक्त मोमेंट न लागणारा). ऑफिसातले सीनियर म्हणतात हा स्लेंडरच आहे. कोणाचं बरोबर?

२) ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये पी-डेल्टा (सरकण्यामुळे उभ्या भाराने वाढणारा मोमेंट) चालू आहे. मग ४५६ चा अतिरिक्त मोमेंट पुन्हा वेगळा धरायचा का?

३) बिल्डरचं म्हणणं असं की स्टिल्टमध्ये भिंतीच नाहीत, मग प्लिंथ बीम कशाला? खाली ट्रिमिक्स (काँक्रीटचं) फ्लोअरिंग येणारच आहे, तेच कॉलमला धरून ठेवेल. हे बीम काढले तर चालेल का?

---

ओळंबा

सीनियर बरोबर आहेत. सगळी गडबड त्या ०.६५ मध्ये आहे.

तक्ता २८ मधला ०.६५ हा दोन्ही टोकांना जागेवरून हलणंही बंद आणि फिरणंही बंद अशा कॉलमसाठी आहे. तुमच्या कॉलमची टोकं किती फिरतात ते त्यांना जोडलेले बीम ठरवतात, आणि हे बीम काही अनंत ताठ नाहीत. त्यामुळे फ्रेममधल्या कॉलमसाठी तक्त्यावर न थांबता परिशिष्ट ई मधल्या आलेखांवर यायचं. सांध्याचा बीटा = कॉलमांचा ताठपणा ÷ (कॉलमांचा + बीमांचा ताठपणा).

पातळ दिशेत कॉलमचा आय (छेदाचा वाकण्याला विरोध दाखवणारा आकडा) = ७५० × ३००³ ÷ १२ = १.६९ × १०⁹ मिमी⁴. स्टिल्टच्या तुकड्याचा ताठपणा ६००० ने भागून २.८ × १०⁵, वरच्या मजल्याच्या तुकड्याचा ५.६ × १०⁵. २३० × ६०० बीमचा आय ४.१४ × १०⁹, ५००० ने भागून ८.३ × १०⁵, असे दोन बीम. वरच्या सांध्याचा बीटा ०.३४ येतो.

खालच्या सांध्यात प्लिंथ बीम लहान आहेत. शिवाय खाली फूटिंगपर्यंतचा १.५ मीटरचा आखूड तुकडा बराच ताठ आहे. तिथे बीटा ०.६७.

हे दोन आकडे घेऊन आलेखात गेलात की स्वे (मजल्याचं आडवं सरकणं) नसलेल्या फ्रेमसाठी गुणक साधारण ०.६९ आणि स्वे असलेल्या फ्रेमसाठी साधारण १.५ मिळतो. हे सगळं भेगा न धरता. आयएस १८९३ (२०१६) या भूकंपाच्या मानकाप्रमाणे भेगांसाठी बीमचा आय ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्के धरला तर बीमांचा वाटा निम्मा होतो आणि स्वे नसतानाचा गुणक ०.७६ पर्यंत जातो. पुढच्या हिशेबासाठी मी ०.७५ घेतो.

०.७५ × ५.४ = ४.०५ मीटर, भागिले ०.३० = १३.५. स्लेंडर. ११.७ आणि १३.५ मधला फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण ११.७ वर प्रोग्राम अतिरिक्त मोमेंट शून्य धरतो आणि १३.५ वर तो पूर्ण लागतो.

आता कलम ३९.७. अतिरिक्त मोमेंट = भार × रुंदी ÷ २००० × (परिणामी लांबी ÷ रुंदी)². म्हणजे २४०० × ०.३ ÷ २००० × १८२ = ६५.६ किलोन्यूटन-मीटर. याला के ने कमी करता येतं:

पूर्ण अक्षीय क्षमता = ०.४५ × ३० × काँक्रीटचं क्षेत्र + ०.७५ × ५०० × सळईचं क्षेत्र (३७७० मिमी²) = ४४०० किलोन्यूटन. पातळ दिशेतला बॅलन्स्ड भार (काँक्रीट आणि सळई एकदमच मर्यादेला पोचतात तो) सुमारे १२४०. इथे एक लक्षात ठेवा: ४० चं कव्हर, रिंग आणि अर्धी सळई मिळून ६० मिमी होतात. ३०० च्या खोलीत हे प्रमाण ०.२० पडतं, त्यामुळे एसपी १६ या डिझाइन-आलेखांच्या पुस्तकातला ०.१० चा आलेख उघडून बसू नका. के = (४४०० − २४००) ÷ (४४०० − १२४०) = ०.६३. अतिरिक्त मोमेंट उरतो ४१.५.

मूळ मोमेंट किती? डबल कर्व्हेचर आहे, म्हणून ०.६ × ४६ − ०.४ × २८ = १६.४. पण ०.४ × ४६ = १८.४ पेक्षा कमी चालत नाही. आणि किमान एक्सेन्ट्रिसिटी (भार मध्यापासून बाजूला धरण्याचं किमान अंतर) या दोन्हींना मागे टाकते: ५४००/५०० + ३००/३० = २०.८ मिमी, म्हणजे ४९.९ किलोन्यूटन-मीटर. एकूण ४९.९ + ४१.५ = ९१.४.

२४०० किलोन्यूटनवर या छेदाची पातळ दिशेतली क्षमता सुमारे १८२ आणि जाड दिशेतली सुमारे ४३५ येते. अल्फा हा घातांक १.५८ धरून (१५०/४३५) आणि (९१.४/१८२) यांची बेरीज ०.५२. एकच्या आत, पास.

तेव्हा स्वे नसेल तर तुमचा कॉलम स्लेंडर असूनही उभा राहतो. पण स्वे नाही हे अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. स्वे असेल तर काय होतं पाहा: १.५ × ५.४ = ८.१ मीटर, भागिले ०.३० = २७. अतिरिक्त मोमेंट २६२, के लावून १६६. त्यात ४९.९ मिळवले की २१६. क्षमता १८२. जाड दिशेचा मोमेंट विचारात घेण्याआधीच कॉलम नापास.

---

मोमेंट_मास्तर

वरचा हिशेब पटला. स्वे आहे की नाही ते कसं ठरवायचं ते सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी ‘लिफ्टची भिंत आहे ना, मग स्वे नाही’ एवढ्यावरच विषय मिटवला जातो.

परिशिष्ट ई मधला स्थैर्य निर्देशांक क्यू काढा. मजल्यावरच्या सगळ्या कॉलम-भिंतींचा एकूण फॅक्टर्ड (सुरक्षा गुणक लावलेला) भार × त्या मजल्याचं आडवं सरकणं ÷ (मजल्याचा आडवा शिअर × मजल्याची उंची). ०.०४ किंवा कमी असेल तर स्वे नाही. हा क्यू दोन्ही दिशांना वेगळा काढायचा असतो. लिफ्टचा गाभा एका दिशेला लांब आणि दुसऱ्या दिशेला दारांनी फोडलेला असतो, म्हणून एक्स दिशेत पास आणि वाय दिशेत नापास हा प्रकार अगदी नेहमीचा.

दोन गोष्टी सांभाळा. सरकणं आणि शिअर एकाच लोड केसमधले घ्या. भूकंपाचा शिअर १.५ ने वाढवलेला आणि सरकणं न वाढवलेलं, असं मिसळलं की क्यू दीडपटीने खोटा कमी येतो. दुसरं, मॉडेलमध्ये भेगांचे गुणक लावले आहेत याची खात्री करा. पूर्ण छेद धरलेल्या मॉडेलमध्ये सरकणं जवळपास निम्मं दिसतं आणि स्वे असलेली फ्रेम कागदावर स्वे नसलेली होते.

ड्रिफ्ट (सरकणं ÷ मजल्याची उंची) ०.००४ च्या आत आहे म्हणून क्यू ही आत असेल, असं समजू नका. ड्रिफ्टमध्ये उभा भार येतच नाही.

आता पी-डेल्टाचं. इथे दोन वेगळे परिणाम आहेत. मजला आडवा सरकतो आणि वरचा सगळा भार त्या सरकण्याइतका बाजूला जातो, हा मोठा डेल्टा. कॉलमची टोकं जागेवर असतानाच तो मध्यात वाकतो, हा छोटा डेल्टा. ईटॅब्सचं पी-डेल्टा अॅनालिसिस मोठा डेल्टा पकडतं. कॉलम दोन मजल्यांमध्ये एकच घटक म्हणून असेल तर छोट्या डेल्टासाठी त्यावर विसंबू नका.

म्हणून व्यवस्थित मार्ग असा. भेगांचे गुणक लावून, फॅक्टर्ड उभ्या भाराने पी-डेल्टा करा. त्यातून येणाऱ्या मोमेंटमध्ये स्वेचा हिशेब झालेला असतो. मग कॉलम डिझाइन करताना गुणक स्वे नसलेल्या आलेखातला घ्या, जास्तीत जास्त १, आणि कलम ३९.७ चा अतिरिक्त मोमेंट त्या गुणकाने लावा. पी-डेल्टाही आणि वर १.५ चा गुणकही, असं केलं तर एकच परिणाम दोनदा मोजला जातो. आणि पी-डेल्टा केला म्हणून ३९.७ बंद करून टाकलं तर छोटा डेल्टा पूर्ण सुटतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण त्यात चूक असुरक्षित बाजूला जाते.

ईटॅब्समध्ये कॉलम निवडून डिझाइन ओव्हरराइट उघडा आणि दोन आकडे डोळ्यांनी पाहा: दोन्ही दिशांचा अनब्रेस्ड लेंग्थ रेशो आणि दोन्ही दिशांचा गुणक. प्लिंथपाशी किंवा जिन्याच्या लँडिंगपाशी एकाच दिशेने बीम येत असेल तर दुसऱ्या दिशेत कॉलम तिथे मोकळा असतो, आणि प्रोग्रामने आपोआप घेतलेली लांबी तिथे तपासलीच पाहिजे.

क्यू किती येतो ते टाका इथे.

---

स्टिल्ट_शंका

दोघांचेही मनापासून आभार. आकडे काढले. स्टिल्ट मजल्यावरचा एकूण फॅक्टर्ड भार ४२,००० किलोन्यूटन. १.५ लावलेला भूकंपाचा शिअर १५६० किलोन्यूटन. उंची ६.० मीटर. त्याच केसमधलं सरकणं एक्स दिशेत ७.५ मिमी, वाय दिशेत १४.५ मिमी.

एक्स: ४२,००० × ०.००७५ ÷ (१५६० × ६) = ०.०३४.
वाय: ४२,००० × ०.०१४५ ÷ (१५६० × ६) = ०.०६५.

भेगांचे गुणक काढून पाहिलं तर वाय दिशेत सरकणं ७.८ मिमी आणि क्यू ०.०३५ येतो, म्हणजे पास दिसतो! ड्रिफ्ट तर दोन्ही वेळा मर्यादेच्या बरंच आत.

मग आता सगळे कॉलम वाढवायचे का? आणि प्लिंथ बीमबद्दल कोणीतरी सांगा, बिल्डर रोज विचारतोय.

---

रिंग_आणि_हुक

प्लिंथ बीम काढू नका. कारण नीट सांगतो, म्हणजे बिल्डरलाही सांगता येईल.

भिंत उचलणं हे प्लिंथ बीमचं एक काम. स्टिल्टमध्ये भिंत नाही म्हणून ते काम नाही, एवढंच. त्याचं दुसरं काम कॉलमला खालून दोन्ही दिशांनी धरणं, आणि भिंती नसतात तिथेच त्याची गरज जास्त.

बीम काढलात की कॉलमची मोकळी लांबी फूटिंगच्या माथ्यापासून मोजायची. १.५ + ६.० − ०.६ = ६.९ मीटर. ५.४ च्या जागी ६.९. अतिरिक्त मोमेंट लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे गुणक तोच राहिला तरी १.६३ पट.

गुणक तोच राहील का, हा त्याहून मोठा प्रश्न. प्लिंथ बीम नसताना खालचं टोक फक्त फूटिंगच्या भरवशावर. फूटिंग अजिबात फिरत नाही असं धरलं तर वरच्या सांध्याच्या ०.३४ बीटाला स्वे असलेल्या आलेखात गुणक १.१३ च्या आसपास येतो, पण परिशिष्ट ई सांगतं १.२ च्या खाली जाऊ नका. फूटिंग मोकळं फिरतं असं धरलं तर हाच गुणक २.३ च्या जवळ जातो. १.२ आणि २.३ यांच्या मध्ये तुमचं खरं उत्तर कुठे आहे ते मुरमाचा ताठपणा, फूटिंगचा आकार आणि हद्दीवरची एक्सेन्ट्रिक फूटिंग ठरवणार. मॉडेलमध्ये खाली ‘फिक्स’ टाकलं की हा प्रश्न पडद्यावरून नाहीसा होतो, जमिनीतून नाही.

सगळ्यात चांगली बाजू धरून पाहू. १.२ × ६.९ = ८.२८ मीटर. अतिरिक्त मोमेंट के लावून १७४, किमान एक्सेन्ट्रिसिटीचे ५७ मिळवून २३१. क्षमता १८२. म्हणजे फूटिंग आदर्श धरूनही वाय दिशेत नापास.

ऑयलरच्या सूत्रानेही एकदा पडताळा करून पाहा, ते १७४४ चं असलं तरी प्रमाण कळायला त्याच्याइतकं सरळ काही नाही. एम३० चा ई ५००० × √३० = २७,३८६. भेगा आणि क्रीप (भाराखाली काळाने वाढत जाणारं वाकणं) धरून ई-आय ४० टक्के घ्या. ८.२८ मीटरला क्रिटिकल भार (ज्याला कॉलम अचानक वाकून बकल होतो) २६६० किलोन्यूटन येतो, कॉलमवर आहेत २४००. गुणक १.२६ च्या वर गेला की क्रिटिकल भार २४०० च्या खाली. एकटा कॉलम असा स्वेमध्ये बकल होत नाही हे खरं. सगळा मजला एकदम सरकतो आणि ताठ कॉलम पातळ कॉलमांना सावरतात. पण तुमचे जवळजवळ सगळे कॉलम वाय दिशेत ३०० चेच आहेत. सावरणारा कोण उरला?

ट्रिमिक्सवर भरवसा का नको तेही बघा. फ्लोअरिंग ओतताना कॉलमभोवती थर्माकोल किंवा बिटुमेन बोर्डची फट ठेवतात, कारण ती नसेल तर स्लॅबला कॉलमच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा जातात. म्हणजे नीट केलेलं फ्लोअरिंग कॉलमला टेकतच नाही. आणि टेकलं तरी खालचा भराव बसला, ड्रेनेजसाठी पॅनेल फोडलं, की आधार गेला. सोसायटीने पाच वर्षांनी फ्लोअरिंग उखडलं तर ते कॉलमचा आधार काढत आहेत हे त्यांना कोण सांगणार?

प्लिंथ बीम ठेवायचे तर दोन्ही दिशांना ठेवा. मार्गिकेत अडचण होत असेल तर बीमचा माथा फ्लोअरिंगच्या २००-२५० मिमी खाली न्या. तेवढी मोकळी लांबी हिशेबात वाढवा. वाय दिशेचे २३० × ४५० चे ३०० × ६०० केलेत तर खालचा बीटाही सुधारतो. प्लिंथ बीमच्या खालचा जो मीटरभराचा कॉलमचा तुकडा उरतो तो आखूड आणि ताठ असल्याने शिअर ओढतो, म्हणून त्याला रिंगा वरच्याइतक्याच जवळ. इथे साइटवर हमखास २०० चं अंतर टाकून भराव घातला जातो आणि मग कुणालाच काही दिसत नाही.

---

ओळंबा

सगळे कॉलम वाढवण्याआधी वाय दिशेची व्यवस्था करा. क्यू ०.०६५ हा मजल्याचा दोष आहे, एका कॉलमचा नाही. दोन मार्ग आहेत: काही कॉलम फिरवून त्यांची जाड बाजू वाय दिशेला आणा, किंवा वाय दिशेला शिअर वॉल (आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) द्या. आर्किटेक्ट पहिल्याला नाही म्हणेल, पण दुसऱ्यासाठी जिन्याची बाजूची भिंत आणि इमारतीच्या दोन्ही टोकांच्या बंद भिंती बहुतेक वेळा मिळतात. भिंती दोन्ही टोकांना समतोल ठेवा. एकाच टोकाला टाकलीत तर सरकणं कमी होऊन पीळ वाढेल.

आणि तुमच्याकडे हा पर्याय ऐच्छिक नाहीच. वरच्या मजल्यांवर विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, खाली उघडं स्टिल्ट, तेही दुप्पट उंचीचं. आयएस १८९३ (२०१६) चं कलम ७.१० अशा उघड्या मजल्यांसाठीच आहे: शिअर वॉल किंवा ब्रेसिंग हवं, आणि झोन ३, ४, ५ मध्ये दोन्ही दिशांना प्लॅनच्या क्षेत्राच्या किमान २ टक्के भिंतींचं क्षेत्र. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं, पण दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत उघड्या स्टिल्टच्या इमारती खालच्या मजल्यावर बसल्या. तिथेही वरचे मजले एकसंध खाली आले होते. भिंतींमुळे वरचा भाग ताठ राहतो आणि सगळं सरकणं त्या एका मजल्याच्या कॉलमांवर येतं.

कॉलमची रुंदी ३०० वरून ४०० करा असं मी तरीही सुचवेन, आणि त्याचं कारण फक्त स्लेंडरनेस नाही. आयएस १३९२० (२०१६) या भूकंपरोधक डिटेलिंगच्या मानकाप्रमाणे कॉलमची लहान बाजू, सांध्यातून जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या २० पट हवी. वाय दिशेच्या बीममध्ये २० ची सळई असेल तर ४०० लागतातच. १६ ची असली तरी ३२०. ३०० च्या कॉलममध्ये १६ ची सळईसुद्धा बसत नाही, आणि हे बऱ्याच ड्रॉइंगमध्ये सुटलेलं असतं. शिवाय ३०० ला ७५० म्हणजे ०.४०, बाजूंच्या प्रमाणाच्या अटीशीही हा आकार काठावर भांडतो.

४०० × ६०० घेतला तर क्षेत्र ०.२२५ वरून ०.२४० मीटर², म्हणजे काँक्रीट फार वाढत नाही. प्लिंथ बीम असताना आणि स्वे रोखल्यावर ०.७५ × ५.४ ÷ ०.४ = १०.१. शॉर्ट. प्लिंथ बीम नसेल तर त्याच ४०० ला ०.७५ × ६.९ ÷ ०.४ = १२.९, पुन्हा स्लेंडर. बिल्डरला हे दाखवा: बीम वाचवले की प्रत्येक कॉलममध्ये ते पैसे दुसऱ्या रूपाने जातात.

---

रिंग_आणि_हुक

डिटेलिंगचे दोन-तीन मुद्दे राहिले. स्थैर्य म्हणजे फक्त अख्ख्या कॉलमचं नाही, आतल्या प्रत्येक सळईचंही. कव्हर उडालं की दोन रिंगांमधली सळई हाच एक बारीक कॉलम.

आयएस ४५६ प्रमाणे रिंगांचं अंतर लहान बाजू, १६ × सळईचा व्यास आणि ३०० मिमी यांतलं सर्वांत कमी. तेवढ्यावर थांबू नका. टोकांच्या कन्फायनिंग (जवळच्या रिंगांनी घट्ट बांधलेल्या) भागात १३९२० प्रमाणे लहान बाजूचा चौथा भाग, लहान सळईच्या ६ पट आणि १०० मिमी यांतलं कमी. ४०० च्या कॉलमला १०० मिमी, तुमच्या आताच्या ३०० ला ७५ मिमी. या भागाची लांबी: कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिमी यांतलं सर्वांत जास्त. ५.४ मीटरला ९०० मिमी. अशा उघड्या मजल्याला मी तर प्लिंथपासून पहिल्या बीमपर्यंत पूर्ण उंचीला १०० मिमीच ठेवेन; मोकळ्या स्टिल्टच्या कॉलमांत काटकसर करायची जागा ही नव्हे. रिंगा फूटिंगमध्येही किमान ३०० मिमी आत न्या.

हुक १३५ अंशांचे. ९० चे हुक कव्हरबरोबर उघडतात. लांब बाजूच्या मधल्या सळयांना क्रॉस लिंक हव्यात. नुसती बाहेरची एक रिंग मारली तर मधल्या चार सळया बाहेर फुगायला मोकळ्या राहतात. सळई बांधून झाली की शटर लावण्याआधी मधल्या उंचीवर, हात पोचत नाही तिथे, शिडी लावून बघा. फिटर खालच्या दीड मीटरला नेमकं अंतर ठेवतो आणि वर विरळ होत जातो.

५.४ मीटर एका दमात ओतू नका. उंचावरून पडलेल्या काँक्रीटमधली खडी खाली बसते आणि कॉलमच्या पायाशी, जिथे मोमेंटही येतो, तिथेच हनीकोंब (पोकळ्या) होतं. १.५ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून टाकायचं नाही. शटरला मध्ये खिडकी ठेवा किंवा ट्रेमी पाइप आत सोडा. सळयांचे जोड मधल्या भागात, फूटिंगच्या माथ्याला लगेच नाही, आणि सगळे एकाच पातळीला नाहीत.

ओळंबा दोन्ही बाजूंनी, ओतण्याआधी आणि ओतल्यावर लगेच. किमान एक्सेन्ट्रिसिटीत तुम्ही धरलेले २०.८ मिमी ही सगळ्या अनपेक्षित गोष्टींची शिल्लक आहे; शटर १५ मिमी कललं तर त्यातला बराच भाग पहिल्याच दिवशी संपला.

एक मात्र आत्ताच आर्किटेक्टला लेखी कळवा. पुढे वॉचमनची केबिन किंवा मीटर रूमसाठी दोन कॉलमांमध्ये अर्ध्या उंचीची भिंत कॉलमला चिकटवून बांधू नये. ती भिंत तिथे कॉलमची मोकळी उंची कापते, भूकंपात त्या आखूड भागात शिअर एकवटतो आणि कॉलम तिरका चिरतो. कॉलमपासून २५ मिमीची फट ठेवून ती मऊ सीलंटने भरावी.

---

स्टिल्ट_शंका

नवीन मॉडेल केलं. जिन्याच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना वाय दिशेला शिअर वॉल, कॉलम ४०० × ६००, प्लिंथ बीम दोन्ही दिशांना, माथा फ्लोअरिंगच्या २०० मिमी खाली. म्हणजे मोकळी लांबी ५.६ मीटर. भेगांचे गुणक लावून वाय दिशेत सरकणं ६.२ मिमी, क्यू ०.०२८. २ टक्क्यांचा हिशेब दोन्ही दिशांना बसला.

०.७५ × ५.६ ÷ ०.४ = १०.५. शॉर्ट. पण एक शंका: कॉलम ४०० चा झाल्यावर त्याचा ताठपणा वाढला, म्हणजे बीटाही वाढला ना? मग ०.७५ जुनाच चालेल का?

---

ओळंबा

शंका बरोबर आहे. आय आता ६०० × ४००³ ÷ १२ = ३.२ × १०⁹, जवळजवळ दुप्पट, म्हणून दोन्ही सांध्यांचा बीटा वर सरकतो. बीम आणि कॉलम ३५/७० च्या प्रमाणात धरून मोजलात तर स्वे नसलेल्या आलेखात गुणक ०.८ च्या थोडा पुढे जातो. ०.८५ घ्या: ०.८५ × ५.६ ÷ ०.४ = ११.९. बाराच्या आत, पण केसाच्या अंतराने. अशा वेळी शॉर्ट म्हणून सोडून देऊ नका; ३९.७ चा अतिरिक्त मोमेंट लावूनच छेद तपासा. वाय दिशेचे प्लिंथ बीम ३०० × ६०० केलेत की खालचा बीटा उतरेल आणि थोडी जागा मिळेल.

कोपऱ्यातल्या आणि कडेच्या कॉलमांना एका बाजूनेच बीम असतो हे विसरू नका. तिथे बीमांचा ताठपणा निम्मा, गुणक वेगळा. मधल्या कॉलमचा आकडा सगळीकडे चिकटवू नका.